पाय टेकला... एक!

तुमच्या शाळेत स्लो सायकलिंगची शर्यत होते का? आमच्या शाळेत व्हायची. गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यात मैदानावर फक्कीने पट्टे आखायचे आणि प्रत्येक पट्ट्यात एकेक सायकलवाला. बाकी सगळ्या शर्यतींत जो पहिला येतो तो जिंकतो. या एकाच शर्यतीत जो सगळ्यांत शेवटी येतो तो जिंकतो! पाय टेकला की बाद. पट्ट्याबाहेर चाक गेलं की बाद. बघणाऱ्याला वाटतं, हात्तिच्या, यात काय आहे? पण हँडलवर बसलं की कळतं. सायकल जोरात पळवणं सोपं आहे, हळू चालवणं महाकठीण!

मी आठवीत असताना ही शर्यत जिंकलो होतो. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली होती. त्या कंपासपेटीची एक गोष्ट आहे, पण ती शेवटी सांगेन. आधी आपल्याला एका मोटरसायकलकडे जायचंय.

आता असं समजा, की सपाट मैदानाऐवजी हीच शर्यत एखाद्या ओढ्यात ठेवली. खाली शेवाळलेले गोटे, मध्ये गुडघ्याएवढे धोंडे, पुढे झाडाची मुळं वर आलेला चढ, आणि शेवटी तुमच्या छातीपर्यंत येईल असा कातळ. सायकलऐवजी मोटरसायकल. अट मात्र तीच: पाय टेकायचा नाही! या खेळाला म्हणतात 'ट्रायल्स'. ट्रायल म्हणजे कसोटी. मोटरसायकली नव्या नव्या निघाल्या तेव्हा गाडी खरंच दणकट आहे का, डोंगर न थांबता चढते का, हे पाहायला कसोट्या घेत. गाडीच्या कसोटीतून हळूहळू माणसाची कसोटी झाली.

मूठ म्हणजे शून्य

या खेळात घड्याळाला फारसा मान नाही. जेमतेम पन्नास-साठ पावलांचा एक अवघड तुकडा निवडतात. दोन्ही बाजूंना फिती बांधतात. त्याला म्हणतात 'सेक्शन'. आत शिरायचं एकीकडून, बाहेर पडायचं दुसरीकडून. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण. दोनदा टेकला तर दोन. तीनदा टेकला तर तीन, आणि गंमत पाहा, त्यानंतर कितीही वेळा टेकलात तरी तीनच! म्हणजे तिसऱ्यांदा पाय टेकला की मग होडी वल्हवावी तसे दोन्ही पाय मारत बाहेर पडलात तरी चालतं. मात्र गाडी आडवी झाली, फितीबाहेर गेली, तर पाच. ज्याचे दंडगुण सगळ्यांत कमी, तो जिंकला.

प्रत्येक सेक्शनपाशी एक पंच उभा असतो. तो ओरडून काही सांगत बसत नाही, कारण इंजिनाच्या आवाजात ऐकू कुठे येणार? तो हात वर करतो. एक बोट म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. आणि बंद मूठ म्हणजे शून्य. ही मूठ पाहायला स्वार जीव टाकतात.

या खेळाची पंढरी म्हणाल तर स्कॉटलंडमधलं फोर्ट विल्यम गाव. ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस (उंची १३४५ मीटर) याच्या पायथ्याशीच आहे. उंची ऐकून हसू नका हं! आपलं कळसूबाई त्याहून तीनशे मीटरने उंच आहे. पण तिथला पाऊस, चिखल आणि गारठा एकत्र केला की तो डोंगर भल्याभल्यांना रडवतो. दर मे महिन्यात इथे 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' भरते. सुरुवात १९०९ साली झाली तेव्हा ती पाच दिवसांची होती. १९११ पासून सहा दिवसांची झाली. पावणेतीनशेच्या आसपास स्वार असतात. रोज साधारण ३० सेक्शन. गणित करा: ६ दिवस, रोज ३०, म्हणजे १८० सेक्शन. प्रत्येकात पाच गेले तर ९०० दंडगुण!

आणि सेक्शन काही एका जागी नसतात. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे जायचं ते माळरान तुडवत, दलदल ओलांडत, मधूनमधून साध्या डांबरी रस्त्यावरून, म्हणून गाडीला नंबरप्लेटही लागते. बूट भिजलेले, बोटं गारठलेली, गाडीला तर बसायला सीटच नाही. हो, खरंच नाही! पण त्याविषयी पुढे. संध्याकाळी सगळ्या गाड्या एका कुंपणात बंद करून ठेवतात. रात्रभर गाडीला हात लावायचा नाही. त्यामुळे गाडीची निगा हा या स्पर्धेचा अर्धा भाग आहे. दगडावर कितीही कसरत करा, चेन तुटली की खेळ खलास.

जिंकणारी गाडी सोडून देणारा माणूस

सॅमी मिलर हे नाव या खेळात आपल्याकडे गावसकरांचं नाव घेतात तसं घेतात. जन्म १९३३ सालचा, गाव उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट. १९५९ ते १९६९ अशी सलग ११ वर्षं तो ब्रिटनचा विजेता होता.

सुरुवातीची वर्षं त्याच्याकडे एरियल कंपनीची ५०० सीसीची भलीमोठी फोर-स्ट्रोक गाडी होती. तिचा नंबर जीओव्ही १३२. हा नंबर आजही जुन्या शौकिनांना पाठ असतो. त्या काळची समजूत अशी, की डोंगर चढायचा तर इंजिन मोठं हवं, गाडी जड हवी. मिलरला ते पटेना. गाडी जड म्हणजे ती तोलायला माणसाची ताकद जास्त. मग त्याने काय केलं? गाडी खोलली आणि एकेक भाग हातात घेऊन विचारलं, 'तुझं इथे काय काम?' जे नको ते काढलं, जे हवं ते हलकं करून बसवलं. वर्षानुवर्षं हा उद्योग चालू. शेवटी गाडी अडीचशे पौंडांच्या आत आली, म्हणजे सुमारे ११० किलो. ५०० सीसीच्या गाडीला हे फारच कमी झालं.

गाडी जिंकत होती. सगळं छान चाललं होतं. आणि १९६४ साली मिलरने ती सोडली!

झालं असं, की स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ बुल्ताको नावाची मोटरसायकल कंपनी होती. मालक फ्रान्सेस्क झाव्हिएर बुल्तो. घरचे-दारचे त्यांना 'पाको' म्हणत. बुल्तो अधिक पाको, झालं बुल्ताको. त्यांच्याकडे छोटी टू-स्ट्रोक इंजिनं होती. मिलर तिकडे गेला. पंधरा दिवसही लागले नाहीत, तेवढ्यात फ्रेम काप, सांधा बदल, दगडांवर चालवून पाहा, परत काप, असं करत त्याने आणि तिथल्या कारागिरांनी २४४ सीसीची एक हलकी गाडी उभी केली. नाव ठेवलं 'शेर्पा'. आपल्या हिमालयातले, पाठीवर ओझी घेऊन पर्वत चढणारे शेर्पा, तेच!

लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय. हातातली जिंकणारी गाडी टाकून हे फटफटणारं खेळणं? विचार करा, शेर्पा घेऊन तो हरला असता तर त्याची किती टिंगल झाली असती. पण १९६५ साली फोर्ट विल्यमला तो शेर्पावर बसून, चुकलो, उभा राहून जिंकला. परदेशी बनावटीची गाडी आणि टू-स्ट्रोक गाडी तिथे जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या काही वर्षांत जड गाड्या या खेळातून नाहीशाच झाल्या. मिलर पुढे जुन्या मोटरसायकलींच्या संग्रहालयात रमला, आणि जीओव्ही १३२ ला त्याने भंगारात नाही जाऊ दिलं.

हवा किती मारायची?

आता गाडीकडे या. आजची ट्रायल्सची मोटरसायकल पाहिली तर तुम्ही विचाराल, बाकीची गाडी कुठे आहे? वजन जेमतेम सत्तर किलो. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकली शंभरच्या वर असतात. टाकीत दोन-तीन लीटर पेट्रोल. सीट नाही, कारण बसायचंच नाही. आणि सीट नसली की अंग खालीवर करायला मोकळी जागा मिळते. इंजिनाच्या पोटाखाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, म्हणजे कातळावर आपटलं तर पत्रा सोसेल. हँडल इतकं वळतं, की गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरते.

पण खरी जादू टायरमध्ये आहे. पेट्रोलपंपावर बाबा हवा भरायला सांगतात तेव्हा कान देऊन ऐका. अठ्ठावीस, तीस, बत्तीस असा काहीतरी आकडा असतो. एका चौरस इंचावर इतके पौंड दाब, असा त्याचा अर्थ. ट्रायल्सच्या गाडीत मागच्या चाकात फक्त चार-पाच पौंड आणि पुढच्यात पाच-सहा पौंड हवा असते. अंगठ्याने दाबलं तर टायर दबतो!

असं का? सोपं गणित आहे. मागच्या चाकावर ८० किलो भार आहे असं धरू. २८ पौंड हवा म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला सुमारे दोन किलो. म्हणजे ८० किलो पेलायला टायरची ४० चौरस सेंटीमीटर जागा जमिनीला टेकली की पुरे. दोन आगपेट्या शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा होईल तेवढीच! आता हवा चार पौंडांवर आणा. हिशोबाने सातपट जागा टेकायला हवी. प्रत्यक्षात टायरची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळे सातपट काही होत नाही. तरी दोन आगपेट्यांचं पोस्टकार्ड तरी होतंच. शिवाय मऊ टायर दगडाच्या अंगाला चिकटून बसतो, घोरपड कड्याला चिकटते तसा. त्याच्यावरच्या गुट्ट्या छोट्या आणि चौकोनी असतात. मोठमोठ्या गुट्ट्यांचा टायर माती उकरतो. याला उकरायचं नसतं, धरायचं असतं.

लगेच सायकलची हवा सोडायला धावू नका! टायरमध्ये ट्यूब असली आणि हवा कमी असली, की दगडावर आपटताना रीम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्या काकांना विचारा, ते ट्यूब पाहूनच सांगतील, 'हवा कमी होती ना रे?' म्हणून ट्रायल्सच्या गाडीला मागचा टायर ट्यूबलेस असतो. आणि रस्त्यावरच्या गाडीत एवढी कमी हवा ठेवली तर वळणावर ती लडबडून पडेल. ज्याचं काम त्याला.

दुसरी गोष्ट गिअरची. पहिल्या गिअरमध्ये रेस न पिळता ही गाडी माणूस चालतो त्या वेगाने चालते. पुढचं दात्याचं चाक लहान, मागचं मोठं. गिअरच्या सायकलवर चढाला तुम्ही हेच करता की! पण इतक्या हळू इंजिन बंद का पडत नाही? त्याच्या आत फ्लायव्हील असतं, भारी वजनाचं चाक. कुंभाराचं चाक पाहिलंय? एकदा काठीने फिरवलं की बराच वेळ आपल्याच जोरावर फिरत राहतं. इंजिनाचा एक ठोका आणि दुसरा ठोका यांच्यामधला वेळ फ्लायव्हील भरून काढतं.

मग येतात शॉकअप. स्वार गाडीवर उभा राहिला की शॉकअप जितके दबू शकतात त्याच्या साधारण एक तृतीयांश दबायला हवेत. अजिबात दबले नाहीत तर चाक खड्ड्यात उतरणारच नाही, हवेत राहील. फार दबले तर पुढच्या धोंड्यासाठी काही शिल्लकच राहणार नाही. आणि दबलेला शॉकअप कसा परत वर येतो हेही पाहावं लागतं. फार झटकन आला तर स्वाराला वर उडवतो. त्यासाठी स्क्रू असतो. पाव आटा फिरवायचा, चालवून पाहायचं, वहीत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर कशामुळे फरक पडला हे कसं कळणार? तुमच्या प्रयोगशाळेत सर हेच सांगत असतील.

एक मजेशीर गोष्ट. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर हँडलवर ज्या पट्ट्यांनी बसवतात, त्यांचे स्क्रू करकचून आवळायचे नाहीत! लिव्हर हाताने सहज हलणार नाही, पण गाडी पडली तर फिरेल, इतपतच आवळायचे. पडल्यावर लिव्हर फिरली तर परत जागेवर आणता येते. घट्ट असली तर तुटते. या लिव्हर एकाच बोटाने दाबायच्या असतात. उरलेली बोटं हँडल धरायला.

फडकं, पाना आणि कान

दिवसभर चिखल खाल्लेली गाडी घरी आली की आधी धुवायची. पण पाण्याचा फवारा थेट चाकाच्या बेअरिंगवर मारायचा नाही. पाणी आत शिरलं की ग्रीस वाहून जातं आणि महिन्याभरात चाक कुरकुरायला लागतं.

मग एअर फिल्टर. इंजिन श्वास घेतं तो या स्पंजमधून. स्पंज साबणाच्या पाण्यात दाबून-दाबून धुवायचा. पिळायचा नाही, फाटतो. सावलीत पूर्ण वाळवायचा, मग तेल लावून दाबायचा म्हणजे धूळ त्या तेलाला चिकटते. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच इंजिनं लवकर मरतात. माझ्या मते मोटरसायकल सांभाळणारा माणूस खरा की खोटा, ते त्याचा एअर फिल्टर काढून पाहिलं की कळतं.

टू-स्ट्रोक गाडी असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. लीटरला साधारण पंधरा मिलीलीटर. तेल का? कारण टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी तळाला नसते. पेट्रोल आणि हवा पोटातूनच वर जाते, त्यामुळे जाता-जाता तिनेच तेल लावत जायचं असतं. घरात आजोबांना विचारा. लुना किंवा जुनी स्कूटर असलेल्या घरात 'टूटी ऑइल' हा शब्द माहीत नाही असं होणार नाही. सकाळी स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारायची, ही कवायतही ते करून दाखवतील!

चेन सैल पडली की दात्यांवरून निसटते, फार ताणली की मागचं चाक वर जाताना तुटते. म्हणून मधोमध बोटाने वर उचलून पाहायची. ती किती उचलली जावी, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मग नटबोल्ट. दगडांवर सतत धडधडून ते सैल होतात, म्हणून रोज एकदा सगळ्यांवरून पाना फिरवायचा. आणि स्पोक पाहायचे ते कानांनी. एका लहान पान्याने चाकाच्या स्पोकवर एकेक टिचकी मारत जायचं. टिंग, टिंग, टिंग... आणि मध्येच 'थड्'. तो सैल! हे तुमच्या सायकलवर आज संध्याकाळी करून पाहा. मात्र सैल आरा स्वतः आवळत बसू नका. एक आवळला की चाक वाकडं फिरायला लागतं. चाकाचा आउट काढणं ही कला आहे. सायकलवाल्या काकांच्या शेजारी बसून शिका.

डोळे दगडावर नकोत

स्वार सेक्शनमध्ये गाडी घालण्याआधी चालत जातो. कधी दोनदा, कधी चारदा. बुटाने दगड हलवून पाहतो. हा पक्का बसलाय, हा डगमगतोय, हे मूळ ओलं आहे, त्याला आडवं कापायचं, लांबून घासत जायचं नाही. पुढच्या स्वाराने काय केलं, तो कुठे घसरला, हे पाहतो. चालवायला लागतं एखादं मिनिट, वाचायला लागतात पंधरा.

आत शिरल्यावर मात्र पायाखालच्या दगडाकडे पाहायचं नाही! तो आता होऊन गेला. डोळे पुढच्या वळणावर. गुडघे किंचित वाकलेले आणि सैल, तळपायाचा पुढचा भाग फूटरेस्टवर. रस्त्यावर जोरात वळताना गाडी आणि माणूस एकाच बाजूला झुकतात. इथे उलटं! गाडी आत झुकवायची आणि अंग बाहेर काढायचं. डोंबाऱ्याची मुलगी दोरीवर चालते तेव्हा काठी डावीकडे झुकली की ती अंग कुठे नेते, ते आठवा. वजनाचा मध्य चाकांच्या रेषेवर राहिला पाहिजे, एवढंच सगळं आहे.

चढावर जोर खाली घ्यायचा, वर नाही. पायथ्याशी गाडीला वेग दिला की मधे रेस हलकी सोडता येते. अर्ध्या चढावर घाबरून रेस पिळली तर मागचं चाक जागीच फिरतं आणि गाडी खाली येते. ओंडका आडवा आला तर गुडघे वाकवून शॉकअप दाबायचे, ते परत वर येतानाच किंचित रेस द्यायची, पुढचं चाक ओंडक्यावर चढतं. मग वजन पुढे न्यायचं म्हणजे मागचं चाक हलकं होऊन आपोआप मागोमाग येतं. लिहायला तीन ओळी लागल्या. करायला एक सेकंद लागतो, आणि शिकायला काही महिने.

शिवाय प्रत्येक स्वाराच्या मनगटाला एक दोरी असते. तिचं दुसरं टोक हँडलवरच्या बटणाला लोहचुंबकाने चिकटलेलं. स्वार पडला की टोक निघतं आणि इंजिन तिथल्या तिथे बंद. हेल्मेट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट नसतील तर सेक्शनमध्ये पाऊलही ठेवू देत नाहीत.

सगळं सुरू झालं सायकलवर

आता तुमच्यातला कोणीतरी घरात म्हणणार, 'बाबा, मला ट्रायल्स शिकायचंय, मोटरसायकल घ्या.' आईबाबांनो, घाबरू नका, मी तुमच्या बाजूने आहे. आपल्या देशात १६ वर्षांच्या आत कोणतीही मोटरगाडी रस्त्यावर चालवायला परवाना मिळत नाही. गिअरच्या मोटरसायकलला तर १८ पूर्ण लागतात. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर मूल परवान्याशिवाय गाडी चालवताना गुन्ह्यात सापडलं, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गल्लीत पुढचं चाक उचलून दाखवणारा दादा तुम्ही पाहिला असेल. त्याला म्हणावं, चाक उचलणं सोपं आहे, पाच मिनिटं एका जागी पाय न टेकता उभा राहून दाखव!

पण मुलांनो, तुम्हीही निराश होऊ नका. या खेळातले सगळ्यांत मोठे खेळाडू मोटरसायकलवर नाही, सायकलवर तयार झाले. स्पेनच्या कॅटलोनिया भागात पेरे पी नावाचे मोटरसायकलस्वार होते. त्यांनी आपल्या ओट नावाच्या मुलासाठी एक सायकल तयार केली, दगडांवरून उड्या मारत चालवता येईल अशी. तिथून सायकल ट्रायल्स हा खेळ सुरू झाला. नियम मोटरसायकलसारखेच. त्याच सायकलींवर तयार झालेला जॉर्डी तारेस पुढे मोटरसायकलवर सात वेळा जगज्जेता झाला. त्याच भागातला टोनी बोऊ, तोही आधी सायकलवालाच. त्याने २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता मोकळ्या मैदानावरचं आणि बंदिस्त सभागृहातलं अशी दोन्ही जगज्जेतेपदं घेतली. एकूण ३६! आणि लाइआ सान्झ या मुलीने २००० साली वयाच्या चौदाव्या वर्षी महिलांचं जगज्जेतेपद मिळवलं, नंतर आणखी बारा वेळा मिळवलं, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून वाळवंटातल्या डाकार रॅलीत उतरून २०१५ साली मोटरसायकलवाल्यांत नववी आली. पुरुष-बाई असा वेगळा हिशोब त्या नवव्या क्रमांकात नाही.

तर तुम्हांला काय लागेल? सायकल, हेल्मेट, पायांत बूट, खडू, दोन विटा, जुनी दोरी, आणि वाहनं येत नाहीत असं अंगण, सोसायटीचं आवार किंवा शाळेचं मैदान. सीट दोन बोटं खाली करा. खडूने हाताएवढ्या रुंदीचा नागमोडी पट्टा आखा. मग इंग्रजी आठचा आकडा. मग दोरी आडवी टाका आणि तिच्यावरून पुढचं चाक उचलून न्यायचा प्रयत्न करा. विटा पट्ट्याच्या दोन कडांना ठेवा, त्यांच्यामधून जायचं. शेवटी पट्ट्याच्या टोकाला सायकल थांबवून, ब्रेक दाबून, पाय न टेकता दहा आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी तीन मोजून होतील. वाईट वाटून घेऊ नका.

आणि एक जण पंच नेमा. त्याने सायकल चालवायची नाही, फक्त पायांकडे पाहायचं आणि बोटं दाखवायची. आळीपाळीने सगळ्यांनी पंच व्हायचं. पंचाचं काम वाटतं तितकं सोपं नाही.

आता ती कंपासपेटी.

त्या शर्यतीत शेवटी दोघेच उरलो होतो, मी आणि माझ्या शेजारच्या पट्ट्यातला मित्र. शेवटच्या चार-पाच हातांवर माझा तोल गेला आणि बुटाचं टोक जमिनीला लागलं. अगदी लागलं न लागलंसं. सर त्या क्षणी दुसरीकडे बघत होते. मित्राने पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. पुढे तो रेषा आधी ओलांडून गेला, मी शेवटी पोचलो, टाळ्या पडल्या. तो काही बोलला नाही. मीही नाही.

ती पेटी मी दहावीपर्यंत वापरली. कर्कटक चांगलं होतं तिचं.

त्या मित्राचं आता सायकलचं दुकान आहे. या लेखासाठी चाकाचा आउट कसा काढतात ते विचारायला मी परवा त्याच्याकडे गेलो. ट्रायल्सचे नियम सांगितले, पंच बोटं कशी दाखवतो तेही सांगितलं. तो आऱ्यावर टिचक्या मारत ऐकत होता. सगळं ऐकून घेतलं, पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसला आणि माझ्यासमोर एक बोट वर केलं.